फोर्टमधला फोर्ट कुठे गेला?

मुंबई बघायला आलेले पाहुणे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या बाहेर पडले, की त्यांच्यापैकी एखादं चौकस मूल हटकून विचारतं, "या भागाला फोर्ट म्हणतात ना? मग किल्ला कुठे आहे?" मोठी माणसं इकडे तिकडे पाहतात. समोर महापालिकेची इमारत असते, बाजूला टपाल कार्यालय असतं, पुढे कमानींच्या रांगा असतात. बुरूज कुठेच नसतो. चर्चगेटला उतरणाऱ्या लाखो माणसांचीही तीच गत. स्टेशनच्या नावात 'गेट' आहे, पण ते गेट कोणी पाहिलेलं नाही.

प्रश्न साधा आहे आणि त्याचं उत्तर एका ओळीत देता येतं: किल्ला होता, तो १८६० च्या दशकात पाडला. पण या उत्तराने समाधान होऊ नये. किल्ला कसा होता, तो तसाच का होता, का पाडला आणि पाडल्यावर काय उरलं, हे पाहिलं तर ध्यानात येतं की त्याचा फार मोठा भाग अजून आपल्या डोळ्यांसमोर आहे. तो दगडाचा नसल्यामुळे आपण त्याला किल्ला म्हणत नाही, इतकंच.

१. एका वैद्याचा बंगला

जुनी मराठी माणसं या भागाला 'कोट' म्हणत. कोटाच्या आत ते शहर आणि तटाबाहेरची वस्ती ती 'बाहेरकोट'. गोविंद नारायण माडगावकर यांचं 'मुंबईचे वर्णन' हे पुस्तक १८६३ मध्ये प्रसिद्ध झालं. ज्या काळात कोट उतरवला जात होता, त्याच काळात हे लिहिलं गेलं, हा मराठी वाचकांसाठी भाग्याचा योग म्हणायला हवा.

या कोटाचं बीज एका बंगल्यात होतं. पोर्तुगीजांच्या अमलात मुंबईचं बेट गार्सिया द ऑर्ता या वैद्याकडे खंडाने होतं. भारतातल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. या वैद्याचं मुंबईत बंदराकाठी घर होतं, भोवती बाग होती. पुढे पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन आणि इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यांच्या विवाहाच्या तहात मुंबई इंग्रजांकडे गेली. १६६५ मध्ये हम्फ्री कुकने प्रत्यक्ष ताबा घेतला, आणि १६६८ मध्ये राजाने हे बेट वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. कंपनीने त्या जुन्या घराभोवती तट आणि बुरूज उभारले. तो झाला 'बॉम्बे कासल', म्हणजे मुंबईचा पहिला इंग्रजी गड. म्हणजे दोन गोष्टी वेगळ्या आहेत: कासल हा आतला छोटा गड, आणि फोर्ट म्हणजे त्याच्या भोवतीच्या सगळ्या गावाला पडलेला कोट. आपल्याकडच्या बालेकिल्ला आणि गावकुसाच्या नात्यासारखंच हे नातं होतं.

गड असूनही गाव उघडंच होतं, आणि त्याचा फटका लवकरच बसला. १६८९ मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूत शिवडीला उतरला, त्याने माझगाव घेतलं, डोंगरीच्या टेकडीवर तोफा चढवल्या आणि कासलला वेढा घातला. इंग्रज सुमारे वर्षभर आत कोंडून पडले होते. गड सुरक्षित होता, पण गावातली माणसं, गोदामं, माल यांना वाली नव्हता. व्यापारावर जगणाऱ्या कंपनीला हे परवडणारं नव्हतं.

२. तट आणि खंदक: दोन मराठी कारणं

मुंबईच्या कोटाची कहाणी बहुतेक वेळा इंग्रज गव्हर्नरांची नावं ओवून सांगितली जाते. मला ती अपुरी वाटते. हा कोट कोणी बांधला यापेक्षा कोणाच्या धास्तीने बांधला, हे जास्त महत्त्वाचं आहे.

गव्हर्नर चार्ल्स बून १७१५ मध्ये आला तेव्हा कोकण किनाऱ्यावर कान्होजी आंग्रे यांचा दबदबा होता. मुंबईच्या तोंडाशी असलेली खांदेरी त्यांच्या ताब्यात होती. बूनने १७१७ मध्ये विजयदुर्गावर आणि १७१८ मध्ये खांदेरीवर हल्ला केला आणि दोन्हीकडे त्याला हात हलवत परतावं लागलं. याच गव्हर्नराने मुंबई गावाभोवती तट घालायला घेतला. समुद्राकडची बाजू कासल आणि बंदराने सांभाळली होती. जमिनीकडच्या बाजूला तीन मुख्य दरवाजे ठेवले. दक्षिणेला अपोलो गेट, उत्तरेला बाजार गेट आणि पश्चिमेला चर्च गेट. १७१८ मध्ये उपासनेसाठी खुल्या झालेल्या सेंट थॉमस चर्चकडे जाणाऱ्या रस्त्यावर हा दरवाजा होता, म्हणून त्याचं हे नाव. 'अपोलो' या नावाचा ग्रीक देवाशी काही संबंध नाही. आपल्या 'पालवा' या शब्दाचं ते इंग्रजी कानांनी ऐकलेलं रूप आहे.

दुसरं कारण चिमाजी अप्पा. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं आणि साष्टी घेतली, आणि मे १७३९ मध्ये वसई पडली. वसईचा तट साधासुधा नव्हता. उत्तर कोकणातलं पोर्तुगीजांचं ते मुख्य ठाणं होतं. ते पडतं तर मुंबई का पडणार नाही, हा प्रश्न कंपनीच्या अधिकाऱ्यांना पडला, तसाच कोटातल्या व्यापाऱ्यांनाही पडला. एकीकडे पेशव्यांशी तह करण्यासाठी वकील धावले, दुसरीकडे तटाबाहेर खंदक खणायचं ठरलं आणि त्यासाठी व्यापाऱ्यांनी ३०,००० रुपयांची वर्गणी दिली. ही रक्कम आज किरकोळ वाटेल. पण गावातल्या धनिकांनी आपल्या खिशातून तटबंदीला पैसे द्यावेत, यावरून मराठ्यांची दहशत मोजता येते.

सिद्दीचा धडाही कंपनी विसरली नव्हती. ज्या डोंगरीच्या टेकडीवरून त्याने तोफा डागल्या होत्या, ती उंच जागा पुन्हा शत्रूच्या हाती पडू द्यायची नव्हती. १७६९ मध्ये कोटाच्या ईशान्येला तिथे एक नवी तटबंदी जोडली गेली. तिला 'फोर्ट जॉर्ज' हे नाव मिळालं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे आपल्याला तिथे जायचं आहे.

३. सपाट जमिनीवरचा किल्ला लढतो कसा?

आपल्या डोळ्यांसमोर किल्ला म्हटलं की रायगड, राजगड, तोरणा येतो. तिथे डोंगर हाच अर्धा किल्ला असतो. कडा चढून येणाऱ्याला वरून दगड लोटला तरी पुरतो. मुंबईच्या कोटाला असा कडा नव्हता. भोवती सपाट जमीन, माडाच्या वाड्या आणि खाजण. मग संरक्षणाची सगळी करामत बांधकामाच्या आकारात आणावी लागते. ती समजून घ्यायला तीन कल्पना पुरेशा आहेत.

पहिली कल्पना जाडीची. तोफा येण्याआधी भिंत जितकी उंच तितकी चांगली, कारण शिडी पुरत नसे. तोफ आली आणि उंच, सडपातळ भिंत हे सोपं लक्ष्य झालं. काचेच्या तावदानावर चेंडू बसला की तावदान फुटतं. तोच चेंडू वाळूच्या पोत्यावर बसला तर नुसता धप्प आवाज होतो. म्हणून नव्या पद्धतीचे तट बुटके आणि जाड असत. बाहेरून दगडाची मजबूत बांधणी आणि पोटात माती भरलेली. गोळा दगड फोडून आत शिरला तरी माती त्याचा जोर पिऊन टाकते.

दुसरी कल्पना कोनाची. चाळीच्या गॅलरीत उभं राहून नेमकं आपल्याच पायाखालच्या मजल्यावर कोण उभं आहे ते पाहायचा प्रयत्न करा. दिसत नाही. कमरेपर्यंत बाहेर वाकावं लागतं. पण चाळीचा शेजारचा भाग पुढे आलेला असेल, तर तिथल्या गॅलरीतल्या माणसाला ते सहज दिसतं. तटावरच्या शिपायाची हीच अडचण असे. शत्रू तटाच्या अगदी बुडाशी येऊन चिकटला, की तो वरून दिसेनासा होई, आणि त्याला टिपायला बाहेर वाकणं म्हणजे स्वतःचं डोकं गमावणं. उपाय एकच, तटातून टोकदार बुरूज पुढे काढायचे. एका बुरुजावरची तोफ स्वतःच्या पायथ्याऐवजी शेजारच्या बुरुजाचा पायथा सांभाळते. प्रत्येक जण दुसऱ्याच्या पायाखाली लक्ष ठेवतो. जुन्या नकाशात मुंबईचा कोट चांदणीच्या कंगोऱ्यांसारखा दिसतो, तो याच कारणासाठी. त्यात नक्षीची हौस नव्हती, गणित होतं.

तिसरी कल्पना मोकळ्या जागेची. ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून तिच्यावर जरा थांबू.

४. रिकामी जमीन हेही शस्त्र

समजा, तटावर जमिनीच्या बाजूला २० तोफा आहेत. त्या काळची तोंडातून दारू-गोळा ठासायची तोफ साफ करून, ठासून, नेम धरून पुन्हा उडवायला ढोबळमानाने एक मिनिट लागतं असं धरू. शत्रूचे सैनिक शिड्या आणि हत्यारं घेऊन झपाझप चालत येताहेत, मिनिटाला १०० मीटर.

आता पहिली स्थिती पाहा. माडांची दाट वाडी तटापासून १०० मीटरवर येऊन थांबली आहे. शत्रू झाडीतून बाहेर पडला की एका मिनिटात खंदकाशी. प्रत्येक तोफ एकदा उडते. एकूण २० गोळे.

दुसरी स्थिती. झाडी तोडून ६०० मीटर जमीन सपाट केली आहे. शत्रूला उघड्यावर सहा मिनिटं चालावं लागतं. प्रत्येक तोफ सहा वेळा उडते. एकूण १२० गोळे. तोफा तितक्याच, दारूगोळ्याचं कोठार तेच, शिपाई तेवढेच. फक्त झाडं आणि घरं हटवली आणि किल्ल्याची ताकद सहापट झाली.

हे आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, पण तत्त्व मुंबईच्या कोटाला जसंच्या तसं लागू होतं. कोटाबाहेरच्या माडाच्या वाड्या आणि घरं अठराव्या शतकात टप्प्याटप्प्याने हटवण्यात आली. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी कोटात मोठी आग लागली आणि उत्तर भागातली दाट वस्ती जळून गेली. त्यानंतर माणसांना कोटाबाहेर, मैदानापलीकडे वसवण्याचा आणि मधली जागा मोकळी राखण्याचा आग्रह अधिकच वाढला. या मोकळ्या पट्ट्याचं इंग्रजी नाव 'एस्प्लनेड'. आपल्या लोकांनी त्याला मैदान म्हटलं. पुढे तिथे लष्कराची छावणी पडू लागली, म्हणून उत्तरेकडच्या भागाला 'कांपाचं मैदान' म्हणू लागले.

कोट आणि मैदान या एकाच यंत्राच्या दोन बाजू होत्या. तटाशिवाय मैदान म्हणजे नुसती पडीक जमीन, आणि मैदानाशिवाय तट म्हणजे आंधळा पहारेकरी.

५. मग पाडला का?

बांधलेली गोष्ट पाडायला खर्च येतो, म्हणून पाडण्याची कारणंही भक्कम लागतात. इथे ती एकापाठोपाठ साठत गेली.

१८१८ मध्ये पेशवाई संपली. ज्यांच्या भीतीने खंदक खणला, ते आता राज्यावर नव्हते. समुद्रावर इंग्रजांना आव्हान देणारं कोणी उरलं नव्हतं. १८५० च्या दशकात आटे पाडलेल्या नळीच्या तोफा आल्या. गोळा फिरत जाऊ लागला, त्यामुळे तो जास्त लांब आणि जास्त अचूक जाऊ लागला. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या तोफांचा हिशोब करून बांधलेल्या तटाचं गणित चुकलं.

पण खरं सांगायचं तर लष्करी कारणांपेक्षा रोजच्या गैरसोयीने कोटाचा जीव घेतला. रात्री दरवाजे बंद होत. दिवसा त्यांच्या अरुंद तोंडाशी गाड्या, हमाल, पालख्या यांची कोंडी होई. खंदकात घाण साचून दुर्गंधी सुटे. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू झाली आणि तिचं बंदराकडचं टोक कोटाच्या उत्तर वेशीशी येऊन थांबलं. माल आणि माणसांचा लोंढा वाढतच गेला. १८६४ च्या खानेसुमारीत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. इतक्या मोठ्या शहराचं व्यापारी हृदय तीन दरवाज्यांच्या आत कोंडलेलं होतं.

त्यातच १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून खानदेश, वऱ्हाड आणि गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला आणि जमिनीची किंमत चढली. १८६२ मध्ये गव्हर्नर म्हणून आलेल्या बार्टल फ्रियर यांनी तट उतरवण्याचा निर्णय तडीस नेला. खंदक बुजवला, दरवाजे पाडले आणि मोकळ्या झालेल्या जागेवर रस्ते आणि सार्वजनिक इमारतींची आखणी झाली. काही भूखंड विकून त्या पैशातून सरकारी इमारतींना हातभार लावायचा, असा हिशोब होता. मैदानाच्या पूर्वेच्या कडेने सचिवालय, विद्यापीठ, उच्च न्यायालय अशी गॉथिक इमारतींची रांग उभी राहिली. राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला.

तट पाडणं चूक होतं का? मला तसं वाटत नाही. गाव गुदमरत होतं. पण एखादा दरवाजा, एखादा बुरूज आठवण म्हणून उभा ठेवता आला असता. तीनपैकी एकही दरवाजा ठेवला नाही याची हळहळ मात्र वाटते. जुनं ते जपावं ही दृष्टीच तेव्हा आली नव्हती, आणि आपल्या माणसांना तर त्या निर्णयात जागाच नव्हती.

६. नसलेल्या तटावरून फेरफटका

आता नकाशा मनात ठेवून चालायला लागू. तास-दीड तास पुरतो, सकाळची वेळ धरावी.

सुरुवात पी. डिमेलो रस्त्यावर सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या मागून. रुग्णालयाचं नाव कुठून आलं, हे आता सांगायला नको. त्याच्या मागे फोर्ट जॉर्जचा उरलेला तुकडा आहे. बसकी, लांबट, जाड दगडी भिंतींची वास्तू. उंच बुरुजाची अपेक्षा ठेवून गेलात तर निराश व्हाल. पण वर सांगितलेली जाडीची कल्पना आठवून तिच्याकडे पाहा, म्हणजे ती बुटकी का आहे ते लगेच कळेल. विशेष म्हणजे महाराष्ट्राच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाचं कार्यालय इथेच आहे. राज्यभरचे गडकोट ज्यांनी सांभाळायचे, ते स्वतः कोटाच्या शेवटच्या तुकड्यात बसतात.

तिथून टपाल कार्यालयाच्या बाजूने आलं की पेरिन नरिमन स्ट्रीट लागतो. याचं जुनं नाव बाजार गेट स्ट्रीट. उत्तरेचा दरवाजा या टोकाशी होता. गल्ल्या अजून अरुंद आहेत, आणि तटाच्या आतली दाटी कशी असेल याचा अंदाज इथे येतो. मग दादाभाई नौरोजी रस्त्यावर या. हा रुंद रस्ता तटाच्या पश्चिम बाजूच्या रेषेने जातो. रस्त्याला हलकं वळण आहे, दोन्ही बाजूंना कमानींखालचा पदपथ आहे. जिथे पावसाळ्यात छत्री न उघडता चालता येतं, तिथे एके काळी पहारे चालत.

रस्ता संपतो तिथे फ्लोरा फाउंटन. १८६४ मध्ये हे कारंजं उभारलं गेलं, ते पाडलेल्या चर्च गेटच्या जागेशी. म्हणजे चर्चगेट स्टेशन आणि खरं चर्च गेट यांच्यात अर्ध्या किलोमीटरहून जास्त अंतर आहे. नाव पश्चिमेला सरकलं, दरवाजा गेला. याच चौकात नोव्हेंबर १९५५ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलकांवर गोळीबार झाला, आणि हा हुतात्मा चौक झाला. परक्या सत्तेने बांधलेला दरवाजा जिथे होता, तिथे आज मराठी माणूस नतमस्तक होतो.

पुढे काळा घोडा. इथल्या के. दुभाष मार्गाचं जुनं नाव रॅम्पार्ट रो, म्हणजे तटाच्या कडेची ओळ. शहीद भगतसिंग रस्त्याने नौदलाच्या लायन गेटपाशी आलात, की अपोलो गेटच्या परिसरात पोचलात. पूर्वेकडचा कासल आज नौदलाच्या ताब्यात आहे. त्याच्या दरवाज्यावर पोर्तुगीज शिपायांची दगडी शिल्पं टिकून आहेत, पण सर्वसामान्यांना आत प्रवेश नाही. त्या नौदल आस्थापनेचं नाव १९५१ मध्ये बदललं गेलं. आता ते आहे 'आयएनएस आंग्रे'. ज्यांच्या धाकाने कोटाचा पहिला दगड बसला, त्यांचं नाव कासलवर लागलं.

७. दगडी भिंत जपायची म्हणजे काय करायचं?

'जतन' या शब्दाने पुष्कळांच्या मनात रंगरंगोटी, फरशा आणि दिव्यांच्या माळा येतात. जुन्या दगडी बांधकामाला यातलं बरंचसं मारक असतं. एका चुन्याचं उदाहरण घेऊ.

चुनखडी किंवा शिंपले भट्टीत भाजले की त्यांतला कर्बवायू निघून जातो. उरलेल्या चुनकळीत पाणी घातलं की ती फुलते. ती वाळूबरोबर घाणीत मळून दगडांच्या सांध्यात भरली, की हवेतला कर्बवायू पुन्हा शोषत ती सावकाश कडक होते. थोडक्यात, चुना पुन्हा दगड होतो, पण सच्छिद्र दगड. पावसाळ्यात भिंतीत मुरलेलं पाणी उन्हाळ्यात त्या सांध्यांतून वाफ होऊन बाहेर पडतं.

आता त्याच सांध्यात सिमेंट भरलं तर? चुना म्हणजे सुती सदरा आणि सिमेंट म्हणजे रेनकोट. रेनकोट घालून मे महिन्यात धावलात तर घाम आतच राहतो. सिमेंटने बंद केलेल्या भिंतीतलं पाणी सांध्यातून निघू शकत नाही. ते दगडातून वाट काढतं, सोबत आणलेले क्षार दगडाच्या पृष्ठभागाखाली साठवतं आणि दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात. मुंबईत समुद्राच्या हवेमुळे हे क्षार आणखी वाढतात. डागडुजी केली म्हणून समाधान मानावं आणि दहा-पंधरा पावसाळ्यांनी भिंत आधीपेक्षा वाईट दिसावी, असं घडतं ते यामुळे.

दुसरा शत्रू पिंपळ. पक्ष्याच्या विष्ठेतून आलेलं बी सांध्यात रुजतं. वरचा शेंडा छाटला की काम झालं असं वाटतं, पण मुळं आत जाडच होत राहतात. ती शोधून, मारून, झालेली पोकळी चुन्याने भरावी लागते. हे काम कंटाळवाणं आहे, त्याचं उद्घाटन करता येत नाही, म्हणून ते मागे पडतं.

कायद्याची बाजू थोडक्यात. मुंबईत १९९५ मध्ये वारसा नियमावली लागू झाली. महानगरासाठी असे नियम करण्यात मुंबई देशात पुढे होती. त्यात वास्तूंच्या तीन मुख्य श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीतल्या वास्तूला जवळपास हात लावायचा नाही, दुसरीत आतून मर्यादित बदल चालतात, तिसरीत अधिक मोकळीक असते. या नियमांनी सुट्या इमारतींबरोबर संपूर्ण परिसराचाही विचार केला, आणि फोर्टचा परिसर त्यात आला. हे फार शहाणपणाचं होतं. कारण रस्त्याचं वळण, गल्लीची रुंदी, कमानींची ओळ या गोष्टी एका इमारतीत मावत नाहीत, आणि कोटाची आठवण नेमकी त्यांतच उरली आहे.

८. सर्वांत मोठा अवशेष

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. फोर्टमधला फोर्ट कुठे आहे?

दगडाच्या रूपाने तो सेंट जॉर्ज रुग्णालयामागे आणि कासलमध्ये आहे. पण त्याचा सर्वांत मोठा, सर्वांत ठळक अवशेष आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज या चार तुकड्यांत पसरलेला आहे. तोफेच्या माऱ्यासाठी मोकळी ठेवलेली ती जमीन आजही मोकळी आहे. चाळीस पावलांत तीन दुकानं उभी राहतील अशा शहरात हा हिरवा पट्टा टिकला, कारण एके काळी त्याचं रिकामं असणं ही लष्करी गरज होती. जून २०१८ मध्ये युनेस्कोने मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींचा समूह जागतिक वारसा म्हणून स्वीकारला. पूर्वेला एकोणिसाव्या शतकाची रांग, पश्चिमेला विसाव्या शतकाची, आणि मध्ये ओव्हल. मधली जागा नसती, तर या दोन रांगांनी एकमेकींकडे पाहिलंच नसतं.

तट गेल्यावर मात्र मैदान आपोआप टिकलं नाही. ते माणसांनी मागून घेतलं. १८८० च्या दशकात युरोपियनांच्या पोलोचे घोडे मैदानाची माती उखणू लागले, तेव्हा तिथे क्रिकेट खेळणाऱ्या पारशी आणि हिंदू पोरांनी सरकारकडे अर्जांमागून अर्ज केले. सत्ता परकी, अर्जदार नेटिव, तरी त्यांनी चिकाटी सोडली नाही. त्यांच्यानंतर कित्येक पिढ्या या मैदानांवर खेळल्या. १९८८ मध्ये सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी या दोन शाळकरी मुलांनी आझाद मैदानावर ६६४ धावांची भागी रचली. ती खेळपट्टी त्या अर्जांचीही देणगी आहे.

मैदानांवरचा दाब आजही संपलेला नाही. कधी वाहनतळ हवा असतो, कधी रस्त्याची रुंदी वाढवायची असते, कधी 'तात्पुरता' मंडप वर्षभर हलत नाही. प्रत्येक मागणी लहान दिसते, वाजवीही वाटते. शासन किंवा महापालिका विकास आराखड्यात बदल करते, तेव्हा वर्तमानपत्रात हरकती आणि सूचना मागवणारी बारीक अक्षरांतली जाहिरात येते. बहुतेक जण ती वाचत नाहीत. तुम्ही वाचा. त्यात यापैकी एखाद्या मैदानाचं नाव दिसलं, तर शेवटची तारीख पाहून घ्या आणि मुदत संपायच्या आत आपली हरकत लेखी नोंदवा.